घरी ईव्ही चार्जर बसवला तर टॅक्स परत मिळतो का?

हा भाग ऐकायला रेंज मिळत नसेल तर वाचून घ्या, म्हणून हा लेखी मजकूर.

आजचा प्रश्न केजवरून आलाय. एका मित्राने व्हॉइस नोट पाठवली, की दादा, इलेक्ट्रिक स्कूटर घेतोय, शोरूमवाला म्हणतोय घरी चार्जिंगचा पॉइंट बसवा, खर्च टॅक्समधून परत मिळतो. यूट्यूबवर पण तसंच सांगतात. खरं आहे का?

सरळ उत्तर देतो. नाही. घरी चार्जर बसवल्याबद्दल आपल्याकडे इन्कम टॅक्समध्ये काहीही परत मिळत नाही. त्या भरवशावर हप्ता बांधून घेऊ नका.

मग यूट्यूबवर जे ऐकलं ते कुठलं? बऱ्याचदा ते अमेरिकेचं असतं. तिथे चार्जर आणि बसवण्याच्या खर्चाच्या 30 टक्के, जास्तीत जास्त 1,000 डॉलर, थेट भरायच्या टॅक्समधून कमी होतात. तेही ठरावीक भागातल्या घरांनाच, आणि 2025 च्या नव्या कायद्याने ही सवलत 30 जून 2026 पर्यंत बसवलेल्या चार्जरपुरतीच ठेवली. व्हिडिओचं मराठी डबिंग झालं म्हणून कायदा मराठी होत नाही!

दुसरी गल्लत होते ती आपल्याच कलम 80ईईबीची. हे कलम खरं आहे. ईव्हीच्या कर्जावरचं वर्षाला दीड लाखापर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता यायचं. पण कर्ज 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेलं हवं. आज कर्ज काढणाऱ्याला ते लागू नाही. ज्यांचं कर्ज त्या काळातलं आहे आणि अजून चालू आहे त्यांना मिळतं, पण जुनी कर पद्धत निवडली तरच. आणि ते गाडीच्या कर्जाचं आहे, चार्जरचं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी फसवणार नाही. टॅक्समधून सूट वेगळी आणि उत्पन्नातून वजावट वेगळी. समजा वर्षाला 10,000 रुपये व्याज भरलं आणि तुम्ही 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहात, तर वजावटीने वाचतात साधारण 2,000. दहा हजार नाही वाचत. आणि जो टॅक्सच भरत नाही त्याचे वाचतात शून्य. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या पगाराच्या उत्पन्नावर टॅक्स लागतच नाही. बीड, माजलगाव, गेवराईत स्कूटर घेणाऱ्या किती पोरांचं उत्पन्न याच्या वर असतं? म्हणजे उद्या सरकारने अशी वजावट परत सुरू केली तरी आपल्यातल्या बहुतेकांच्या खिशात एक रुपया येणार नाही. शोरूमवाल्याला हे माहीत असतं की नाही, देव जाणे.

बरं, मग मिळतं काय? जीएसटी कमी आहे. 1 ऑगस्ट 2019 पासून ईव्हीवर 12 ऐवजी 5 टक्के आणि चार्जरवर 18 ऐवजी 5 टक्के. चार्जर वेगळा घेतला तर बिलावर हा दर तपासा. राज्याच्या 2025 च्या धोरणात मोटार वाहन करातून सूट आहे, समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. पण ही सगळी गाडीची सवलत झाली. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी 2,000 कोटी ठेवलेत, तेही सार्वजनिक स्टेशनांसाठी. तुमच्या ओसरीतल्या पॉइंटसाठी नाही.

घराच्या जवळ येणारी एकच ओळ मला सापडली. राज्याच्या 2021 च्या धोरणात होतं, की घरात चार्जिंगची सोय करणाऱ्यांना नागरी स्थानिक संस्थांनी मालमत्ता करात सूट द्यावी, यासाठी त्यांना प्रोत्साहन द्यायचं. 'प्रोत्साहन' शब्दावर लक्ष द्या. हक्क म्हणून काही नाही. नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत जाऊन विचारा, असा ठराव झालाय का. झाला असेल तर घरपट्टी कमी होईल. ग्रामपंचायतवाल्यांचा त्या ओळीत उल्लेखच नाही.

आता खरा पैसा कुठे आहे ते सांगतो. लाईट बिलात.

स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली तर घरगुतीच दर लागतो. वेगळं मीटर, वेगळी परवानगी, कमर्शियल दर, यातलं काही लागत नाही. रोज 30 किलोमीटर फिरणाऱ्या स्कूटरला महिन्याला साधारण 30 ते 35 युनिट लागतात. घराचा वापर 90 युनिट असेल तर तो 120-125 वर जाईल. इथे लोक घाबरतात, की 100 च्या वर गेलं की सगळ्याच युनिटला महाग दर. तसं नसतं. पहिल्या 100 ला जुनाच दर, वरच्या 20-25 युनिटलाच पुढच्या टप्प्याचा दर. तो दुपटीहून जास्त असतो हे खरं, तरी पेट्रोलच्या मानाने काहीच नाही.

ज्याला खरंच सरकारी मदत हवी त्याने छताकडे बघावं. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, आणि 3 किंवा जास्तला 78,000 रुपये अनुदान मिळतं. हे थेट बँक खात्यात येतं, टॅक्स भरत असा वा नसा. आपल्याकडे उन्हाची कमी नाही! 1 किलोवॅटचं पॅनल महिन्याला साधारण 120 युनिट देतं. स्कूटरला त्यातले चौथा हिस्साही पुरेत असं धरा, थोडं इकडेतिकडे.

आता जरा नाजूक विषय. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावणं. तिथे बिल माफ आहे, मग काय हरकत, असं बरेच जण म्हणतात. हरकत आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे ज्या कामासाठी कनेक्शन दिलं ते सोडून दुसऱ्या कामाला वापरलं तर दुप्पट दराने आकारणी होते. आकडा टाकला तर ती चोरी, कलम 135. कनेक्शन वडिलांच्या नावावर असतं, नोटीसही त्यांच्याच नावाने येते. आठशे रुपये वाचवायला बापाला ऑफिसच्या चकरा मारायला लावू नका.

शेवटी वायरिंगचं. स्कूटरचा चार्जर साध्या पॉइंटवर चालतो, पण अर्थिंग पाहिजेच. आपल्याकडे अर्ध्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, त्या पॉइंटला वेगळा एमसीबी आणि गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. एक्स्टेंशन बोर्डवर रात्रभर गाडी लावू नका. कार घेणार असाल तर बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा. 1 किलोवॅट मंजूर आणि चार्जर 7 किलोवॅटचा, हे जमणार नाही. आधी महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागेल, त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.

केजच्या मित्रा, शोरूमवाल्याला एवढंच म्हण, 'टॅक्स कुठल्या कलमाने परत मिळतो ते कोटेशनवर लिहून द्या.' आणि बाकीच्यांनी, घरपट्टीबद्दल तुमच्या नगरपरिषदेत काय उत्तर मिळालं ते व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या भागात सूर्यघरचा अर्ज मोबाईलवरून कसा भरायचा ते बघू.