जनुकीय तपासणी : कोणासाठी व कशासाठी?

बौद्धिक अक्षमता व अपस्मार एकत्र असलेल्या मुलांना घेऊन एडवण, सफाळे, केळवे परिसरातील पालक आमच्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा असतो. दुसरा बहुधा आईच हळू आवाजात विचारते : ‘हे माझ्यामुळे झाले का?’

जनुकीय तपासणीस थोडेसे रक्त पुरते. तिने मुलाची बुद्धी वाढत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र औषधाची दिशा बदलू शकते. ‘एससीएन१ए’ या जनुकातील बिघाडाने होणाऱ्या द्राव्हे सिंड्रोममध्ये पहिल्या वर्षातच, पुष्कळदा तापाबरोबर, लांबलेल्या आकड्या येऊ लागतात. कार्बामाझेपिन वा फेनिटॉइन या नेहमीच्या औषधांनी त्या वाढण्याचा संभव असतो. ‘ग्लूट-१’च्या कमतरतेत मेंदूला पुरेशी साखर पोहोचत नाही, तेथे स्निग्ध पदार्थांवर भर देणारा कीटोजेनिक आहार उपयोगी पडतो. त्यामुळे वयाने मोठ्या झालेल्या रुग्णांची तपासणीही व्यर्थ नव्हे. निदान काही झाले तरी चालू गोळ्या घरच्या घरी बंद करू नयेत.

आता आईच्या प्रश्नाविषयी. द्राव्हेच्या बहुतेक रुग्णांतील जनुकीय बदल नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांत तो नसतो. ग्रहणात भाजी चिरल्याचा दोष वर्षानुवर्षे माथी घेतलेल्या मातेस हा कागद औषधाइतकाच मोलाचा वाटतो. काही आजारांत मात्र दोष आईवडील दोघांकडून येतो व प्रत्येक गरोदरपणात चारांत एक असा धोका राहतो. फ्रॅजाइल एक्समध्ये मावशीच्या घरीही विचारपूस करावी लागते. म्हणून तपासणीपूर्वी व नंतर समुपदेशन आवश्यक आहे. कित्येकदा उत्तर मिळतच नाही, किंवा सापडलेल्या बदलाचा अर्थ लागत नाही, हेही पालकांना आधी सांगावयास हवे.

राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ नुसार परळचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. परंतु एडवणहून परळ म्हणजे सफाळ्यापर्यंत एस.टी., पुढे लोकल, विरारला बदल, आणि सोबत केव्हाही आकडी येऊ शकेल असे मूल. आमच्या हिशेबवहीत प्रवास ‘किरकोळ खर्च’ या शीर्षकाखाली जातो. त्या कुटुंबाचा मात्र दोन माणसांचा रोज बुडतो. यासाठी देणगी द्यावयाची असल्यास पावती करताना ‘जनुकीय तपासणी व प्रवास’ असा स्पष्ट उल्लेख करावा, ही विनंती.