नालछा : मांडवगडाच्या उंबऱ्यावरचं गाव

धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरवर नालछा लागतं. धार जिल्ह्यातल्या एका विकासखंडाचं हे मुख्यालय आहे. बाजारपेठ, शाळा, सरकारी कचेऱ्या, खत-बियाण्यांची दुकानं आणि मांडूकडे निघालेल्या गाड्यांची ये-जा एवढं पाहून बहुतेक प्रवासी पुढे सरकतात. मांडू, म्हणजेच मांडवगड, इथून दहा-अकरा किलोमीटरवर असल्यामुळे थांबण्याचं कारण सहसा कुणाला दिसत नाही. मात्र मांडूच्या इतिहासाचा बराचसा भाग किल्ल्याबाहेर, याच सपाटीवर घडला आहे.

त्याचं कारण भूगोलात आहे. माळव्याचं पठार दक्षिणेकडे विंध्याच्या कड्यापाशी संपतं आणि एकदम खाली निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात उतरतं. मांडू या कड्याच्या टोकावर आहे आणि काकडा खोह नावाच्या खोल दरीने ते मुख्य पठारापासून जवळजवळ तुटलेलं आहे. दरीच्या अलीकडची शेवटची मोकळी जमीन नालछ्याची. काळी माती, विहिरी-तलावांचं पाणी, वैरण आणि आमराया इथे होत्या. गडावर राज्य करणाऱ्याला रसद इथूनच मिळे, आणि उत्तरेकडून गड घ्यायला येणाऱ्याला तळ टाकायला यापेक्षा बरी जागा नव्हती.

गावाचं जुनं नाव नलकच्छपूर. ते आज कुणाला ठाऊक असेल तर जैन ग्रंथांच्या अभ्यासकांना, आणि तेही पंडित आशाधर यांच्यामुळे. आशाधर मूळचे मांडलगडचे, म्हणजे आजच्या राजस्थानातले. वडील सल्लक्षण, आई श्रीरत्नी, ज्ञाती बघेरवाल. बाराव्या शतकाच्या अखेरीस शहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांनी तो मुलूख असुरक्षित झाला, तेव्हा हे कुटुंब परमारांच्या आश्रयाला धारानगरीत आलं. तिथे पंडित महावीर यांच्याकडे आशाधरांनी जैनेंद्र व्याकरण आणि न्यायशास्त्र शिकून घेतलं. पुढे अर्जुनवर्मा राजा असताना त्यांनी राजधानी सोडली आणि नलकच्छपुरात येऊन राहिले. धारेसारखी विद्यानगरी सोडून पंडिताने लहान गावात यावं हे आज नवलाचं वाटेल. पण इथे श्रावकांची मोठी वस्ती होती, नेमिनाथाचं चैत्यालय होतं आणि लिहायला निवांतपणा होता.

त्या चैत्यालयात बसून त्यांनी जे लिहिलं त्याची यादी लांब आहे. ‘जिनयज्ञकल्प’ विक्रम संवत १२८५ मध्ये, म्हणजे इ.स. १२२८ च्या सुमारास पुरा झाला. गृहस्थांच्या आचारधर्मावरच्या ‘सागारधर्मामृता’ची टीका संवत १२९६ ची, तर मुनींच्या आचारावरच्या ‘अनगारधर्मामृता’ची टीका संवत १३०० ची. यांखेरीज अमरकोशावर, रुद्रटाच्या काव्यालंकारावर आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयावरही त्यांनी टीका लिहिल्या होत्या. धर्म, काव्य आणि वैद्यक या तिन्ही क्षेत्रांत अधिकाराने लिहिणारा गृहस्थ कुठल्याही काळात दुर्मीळच. ग्रंथांच्या शेवटी आशाधर गावाचं, राजाचं आणि वर्षाचं नाव नोंदवत. त्यामुळे देवपाल आणि जैतुगी या उत्तरकालीन परमार राजांचा कालक्रम लावताना या प्रशस्ती इतिहासकारांच्या कामी आल्या. आशाधरांचे ज्ञातिबांधव बघेरवाल आज विदर्भात, विशेषतः कारंजा लाडच्या परिसरात मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांची बोली मराठीच झाली आहे.

आशाधरांच्या शिष्यांत मदन या कवीचं नाव घेतलं जातं. ‘बालसरस्वती’ ही त्याची पदवी, आणि अर्जुनवर्म्याचा तो राजगुरू. त्याची ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका दगडावर कोरलेली होती. तिचा पहिला अर्धा भाग असलेली शिळा १९०३ साली धारच्या भोजशाळा-कमाल मौला वास्तूत सापडली. ती उजेडात आणण्याचं श्रेय धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांचं. माळव्यातल्या मराठी संस्थानांनी कारकुनांच्या बरोबरीने अशी चिकित्सक माणसंही नोकरीत ठेवली, हे त्या दरबारांच्या खात्यावर आवर्जून मांडायला हवं.

१३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजेने परमारांची सत्ता संपवली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी दिलावरखान घोरीने माळव्यात स्वतंत्र सलतनत उभी केली, आणि त्याचा मुलगा होशंगशाह याने राजधानी धारहून मांडूला नेली. तेव्हापासून नालछा गडाबाहेरचं उपनगर बनलं. सुलतानांच्या काळातल्या इमारती, तलाव आणि कबरी यांचे अवशेष गावाच्या आसपास विखुरलेले आहेत. मांडूतल्या जहाजमहालाची किंवा होशंगच्या मकबऱ्याची भव्यता त्यांच्यात नाही. ज्याला मोडक्या कमानीवरून मूळ वास्तूचा अंदाज बांधण्याची हौस आहे, त्यानेच तिकडे वळावं. बाकीच्यांची निराशा होईल.

सैन्याच्या तळाचं ठिकाण म्हणून नालछा सोळाव्या शतकात ठळकपणे पुढे येतं. १५३५ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाचा पाठलाग करत हुमायून माळव्यात आला. बहादूरशाह मांडूच्या तटाआड शिरला आणि हुमायूनने नालछ्याला छावणी केली. तहाची बोलणी चालू असतानाच मोगलांची एक तुकडी रात्री तट चढून आत घुसली आणि गड पडला. पुढे १६१७ मध्ये जहांगीर धारचा मोडलेला लोहस्तंभ पाहून मांडूला गेला. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो हाही त्या वर्षी मांडूत त्याच्या दरबारी होता. बादशाही लवाजमा जिथून जातो त्या वाटेवरच्या गावांच्या धान्याच्या कणग्या आणि विहिरी किती दिवस पुरल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच बखरीत नसतो.

मराठ्यांच्या बाबतीत चढाईची दिशा उलटी होती. ते दक्षिणेकडून, नर्मदा ओलांडून, मांडूचा घाट चढून वर येत. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पांच्या फौजेने हीच वाट धरली. मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर अमझेऱ्याच्या घाटाच्या तोंडाशी त्यांची वाट पाहत होता. मराठे दुसऱ्याच घाटाने पठारावर आले आणि २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या लढाईत गिरिधर बहादूर आणि त्याच्या बरोबरचा दया बहादूर दोघेही पडले. माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं ते या लढाईने. पुढे धारला पवारांचं राज्य स्थिरावलं आणि मांडूसह हा भाग त्यांच्याकडे आला.

अठराव्या शतकाचा शेवट आणि एकोणिसाव्याची सुरुवात मात्र या गावाच्या मुळावर आली. शिंदे-होळकरांच्या आपसातल्या लढाया, पेंढाऱ्यांची लूट आणि डोंगरातल्या टोळ्यांची दहशत यांमुळे माळव्यातली कित्येक गावं ओस पडली, त्यांत नालछाही होतं. इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम इथे आला तेव्हा गावात रान माजलं होतं. गावातला एक जुना पडका महाल त्याला आवडला. त्याने तो साफसूफ करून उन्हाळ्यात राहण्याजोगा करून घेतला. महालात मुक्कामाला असलेल्या वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना आधी हुसकावून लावावं लागलं, असं जुनी प्रवासपुस्तकं नोंदवतात. जानेवारी १८१९ मध्ये धारचा इंग्रजांशी तह झाला आणि उजाड गावं हळूहळू पुन्हा वसू लागली. विंध्यातल्या भिल्ल नायकांशी माल्कमने जो व्यवहार केला, त्यात समजूत आणि धाक दोन्ही होते. ज्यांच्या डोंगरात हे सारं चाललं होतं, त्या भिल्लांची बाजू मात्र कागदावर फारशी उतरलेली नाही.

१९४८ मध्ये धार संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि १९५६ मध्ये तो मध्य प्रदेशाचा भाग झाला. आजच्या नालछ्याच्या पंचक्रोशीत भिल्ल आणि भिलाला समाजाची वस्ती मोठी आहे. बाजारात माळवी ऐकू येते, पाड्यांवर भिली-भिलाली, आणि घाट उतरल्यावर निमाडी. शेतात पावसाळ्यात सोयाबीन, मका, कापूस आणि हिवाळ्यात गहू-हरभरा दिसतो. बांधावर मोह आणि पळस. मांडूच्या दिशेने जाताना गोरखचिंचेची अवाढव्य, पिंपासारख्या बुंध्याची झाडं सुरू होतात. मूळ आफ्रिकेतल्या या झाडाला इथे खुरासानी इमली किंवा सरळ ‘मांडू की इमली’ म्हणतात. तिची आंबट फळं रस्त्याकडेला विकायला असतात आणि दिवाळीच्या आगेमागे त्यांच्याच शेजारी सीताफळांचे ढीग लागतात.

होळीच्या आधीच्या आठवड्यात या भागात भगोरिया भरतो. ज्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी, त्या वारी तिथला भगोरिया. मांदल, बासरी, चांदीचे दागिने, गुलाल, पाळणे, नव्या कपड्यांतले तरुणांचे घोळके असं सगळं त्यात असतं. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारे भोंगऱ्या बाजार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. भगोरियात मुलगा-मुलगी पळून जाऊन लग्न करतात, ही एकच गोष्ट बाहेरचे लोक चवीने सांगतात. खरं तर हा मुख्यतः सणाच्या खरेदीचा बाजार आहे, आणि रोजगारासाठी गुजरातेत गेलेली माणसं त्याच दिवसांत घरी परततात. तेव्हा तिथे जाताना कॅमेरा जपून वापरलेला बरा.

जेवणात मक्याचे पानिये चुकवू नयेत. मक्याच्या पिठाचे जाड गोळे थापून, पानांत गुंडाळून ते गोवऱ्यांच्या आरावर भाजतात आणि उडदाच्या किंवा मिश्र डाळीबरोबर खातात. गव्हाचे दाल-बाफले सगळ्या माळव्यात मिळतात; पानिये मात्र या आदिवासी पट्ट्याचे. तुपाचा हात सैल असेल तर चव आणखी खुलते.

नालछा सोडल्यावर रस्ता वळणं घेत दरीच्या काठाने जातो. पावसाळ्यात काकडा खोहच्या कातळावरून पाण्याच्या धारा कोसळतात; उन्हाळ्यात तोच कातळ काळाठिक्कर आणि कोरडा. पुढे औरंगजेबाच्या काळात डागडुजी झालेला आलमगीर दरवाजा येतो आणि त्यानंतर मांडूचे इतर दरवाजे. जुलै ते ऑक्टोबर हा या भागाचा सर्वांत देखणा काळ. मात्र त्या दिवसांत शनिवार-रविवारी इंदूरची गर्दी लोटते आणि दरीच्या काठच्या अरुंद रस्त्यावर वाहनं खोळंबतात.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना दोन वाटा सोयीच्या आहेत. रेल्वेने किंवा विमानाने इंदूर गाठून तिथून धारमार्गे यावं. नाहीतर आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा, धामनोद करत निमाडातून पठारावर चढावं. मुक्कामाला मांडूत मध्य प्रदेश पर्यटन मंडळाची निवासस्थानं आहेत आणि धारलाही सोय होते. धार-मांडू बसगाड्या नालछ्यावरूनच जातात, पण गावाभोवतीचे अवशेष आणि पाडे पाहायचे तर स्वतःचं वाहन आणि गावातला एखादा माहीतगार सोबत असावा.