दान कोणाच्या ओंजळीत?

रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली पुढे येते आणि ख्रिस्ती माणसाचा हात खिशात जातो. पण मंडळीला दशांश दिला की प्रश्न मिटतो का? दवाखाना, वसतिगृह, दुष्काळनिधी, साऱ्यांचीच निवेदने टेबलावर असतात. पैसा मात्र मोजका.

पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी दूरच्या मंडळ्यांतून वर्गणी जमवली. ती पोचवताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, एवढाच हेतू. पंडिता रमाबाईंच्या कार्याला १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. मुदत सरल्यावर, १८९८ मध्ये, बाई स्वतः तिथे जाऊन कामाचा वृत्तांत मांडून आल्या.

दाखल्यातल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूची जात पाहिली नाही. उतारशाळेच्या मालकाला पैसे देऊन, जास्त खर्च झाला तर परतताना फेडीन, असेही तो सांगून गेला.

तेव्हा पाकीट बंद करण्यापूर्वी संस्थेला विचारावे, हिशेब उघडा आहे ना? आणि स्वतःला विचारावे, पुढच्या वर्षीही मी देणार आहे ना?