इवलासा ठिपका, अतरंगी इलाज!

कॅन्सर म्हटलं की सलाईन, गळणारे केस, हॉस्पिटलच्या खेपा. पण नुसत्या आय ड्रॉप्सनी विरघळून जाणारा कॅन्सरही असतो, माहीत आहे का?

राहतो कुठे? बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे भेटतात, बहुधा त्या बॉर्डरवर. बॉर्डर म्हटली की कटकट आलीच! डॉक्टरांच्या भाषेत नाव ‘ओएसएसएन’.

ड्रॉप्सचं टाइमटेबल तर शाळेलाही हेवा वाटेल असं. ‘फाइव्ह-एफयू’चे थेंब दिवसातून चारदा, एक आठवडा. मग तीन आठवडे सुट्टी! पुन्हा आठवडा, पुन्हा सुट्टी. त्याचा जोडीदार इंटरफेरॉन. एक औषध अमेरिकेतलं, दुसरं लंडनमधलं, पण दोघांचा जगाला परिचय झाला १९५७ सालीच. जत्रेत हरवलेले जुळे भाऊ म्हणा हवं तर.

तिसरा भिडू माइटोमायसिन-सी. जपानी मातीतल्या जिवाणूपासून मिळालेला, रंगाने निळा-जांभळा, स्वभावाने जहाल. म्हणून ते घालण्याआधी डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रूंच्या बारीक छिद्राला चक्क बूच लावतात. का? डोळ्यात ड्रॉप घातला की घसा कडू होतो ना, तो ह्याच बोगद्यातून. इथे तो बंद ठेवलेला बरा.

आता ऑपरेशन. पहिला नियम म्युझियमसारखा: बघा, पण हात लावू नका! ह्या ‘नो-टच’ पद्धतीत गाठीला चिमटासुद्धा लावत नाहीत. पेशी सांडल्या तर दुसरीकडे रुजायच्या. चारेक मिलिमीटर निरोगी कड धरून गाठ उचलायची. मग कडा गोठवायच्या, वितळू द्यायच्या, पुन्हा गोठवायच्या. डबल कुल्फी! गारवा देणारा गॅस पुष्कळदा नायट्रस ऑक्साइड. होय, तोच लाफिंग गॅस.

उरलेल्या जखमेवर ठिगळ कशाचं? बाळंतपणात पडणाऱ्या वारेच्या आतल्या तलम पडद्याचं. वार जखम करतो हे ठाऊक होतं; इथे वार जखम भरते!

हा आजार गाईंनाही होतो, माहीत आहे का? पांढऱ्या तोंडाच्या हिअरफर्ड गुरांमध्ये इतका, की इंग्रजीत त्याचं नावच ‘कॅन्सर आय’ पडलंय. डोळ्यांभोवती गडद रंग असलेल्या गुरांना धोका कमी. खलनायक अर्थातच ऊन. (काजळ लावून हा फायदा मिळत नाही, विचारून ठेवलंय!) माणसांत एचआयव्हीमुळेही धोका वाढतो, म्हणून तरुण पेशंटला ती टेस्ट सांगतात.

माझा सगळ्यात लाडका नगेट मात्र आपल्या ट्रॉम्ब्याचा. अणुभट्टीत जळून झालेल्या इंधनाच्या कचऱ्यातून भाभा अणुसंशोधन केंद्राने रूथेनियम-१०६ वेगळं काढलं आणि डोळ्याच्या कॅन्सरसाठी देशी ‘प्लाक’ घडवला. असा प्लाक म्हणजे किरणोत्सार पोटात दडवलेली चांदीची चिमुकली वाटी. ती डोळ्याला टाके घालून बसवायची, काम झालं की काढायची. मुख्य उपयोग आतल्या गाठींसाठी. पण पृष्ठभागावरची गाठ खोल रुतली तर तिथेही अशी वाटी कामी येते. बारशाची चांदीची वाटी हिच्यापुढे फिकीच!

तेव्हा आरशात बघा. बुबुळाच्या कडेला लालसर किंवा पांढुरका उंचवटा महिनाभर मुक्कामाला असेल, तर मेडिकलवाल्याकडून ड्रॉप्स आणू नका. थेट नेत्रतज्ज्ञ गाठा, आणि निघताना गॉगल घाला!