घास अडतो तेव्हा

घरातील सर्वांचे जेवण आटोपते, तरी एखाद्याचे ताट अर्धेच राहते. घासागणिक पाण्याचा घोट घ्यावा लागतो, मध्येच उठून उभे राहावे लागते. पुढे लग्नाच्या पंगतीही टाळल्या जातात. ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून गोळ्यांवर महिने काढले जातात. कधी आहार कमी झाल्याचे संयम म्हणून कौतुकही होते. मात्र ऊनोदरी स्वेच्छेची असते. येथे भूक असूनही घास उतरत नाही.

या विकारास अकॅलेशिया म्हणतात. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेत स्नायूंची लाट घास पुढे ढकलते आणि जठराच्या मुखाशी असलेली झडप त्या वेळी सैल होते. या हालचालींचे नियमन करणाऱ्या मज्जापेशी नष्ट झाल्या, की लाट थांबते व झडप मिटलेलीच राहते. पोळीप्रमाणे पाणीही अडते, न पचलेले अन्न वर येते, रात्री आडवे होताच ठसका लागतो आणि वजन उतरते.

इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले. देवमाशाच्या हाडाच्या काडीस स्पंज बांधून तो रुग्ण प्रत्येक जेवणात अन्न खाली ढकलीत असे. १९१३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक अर्न्स्ट हेलर यांनी झडपेचे स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया केली. २००८ मध्ये जपानचे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी तोंडावाटे दुर्बीण नेऊन, पोटावर छेद न देता तेच साधले. फुग्याने झडप रुंदावण्याचा उपायही प्रचलित आहे.

निदानासाठी बेरियम पाजून क्ष-किरण चित्र काढतात आणि नलिकेतील दाब मोजतात. कर्करोगानेही घास अडतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

कोणत्याही उपचाराने नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. झडप मोकळी झाल्यावर अन्न मुख्यत्वे स्वतःच्या भाराने उतरते. म्हणून ताठ बसून, लहान घास घेऊन, सावकाश चावून जेवावे. जेवण व निद्रा यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत हे पथ्य सहज पाळले जाते. उशाकडील बाजू उंच असावी. उपवासाचा संकल्प वैद्यांच्या सल्ल्यानेच करावा.

घास अडण्याची तक्रार दोन-तीन आठवडे टिकली, तर पचनविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. पाणीही उतरेनासे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.