जुनी चाकं, फिक्स्ड फंडा!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली गिअरवाली माउंटन बाइक भंगारात द्यायचा विचार आहे? थांबा! तिच्या चाकांवर एक हटके फिक्स्ड गिअर सायकल उभी राहू शकते.

फिक्स्ड गिअर म्हणजे फ्रीव्हीलला टाटा. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, पाय आवरले की चाक आवरणार. वेलोड्रोमवरच्या शर्यतीची ही सायकल न्यूयॉर्कच्या कुरिअर पोरांनी रस्त्यावर गाजवली.

खरी मेख आहे मागच्या हबमध्ये. जुन्या हबवरचं फ्रीव्हील काढलं, की त्याच आट्यांवर फिक्स्ड स्प्रॉकेट बसतं. काम फत्ते? छे! पेडलवर उलटा जोर दिला की ते सुटू शकतं. ट्रॅक हबवर ते रोखायला उलट्या आट्यांची लॉकरिंग असते, इथे त्या आट्याच नाहीत. अमेरिकेत या जुगाडाचं नावच आहे 'सुइसाइड हब'!

त्यापेक्षा सहा बोल्टच्या डिस्क ब्रेकचं चाक वापरा. डिस्क काढायची, त्याच जागी बोल्टने बसणारं फिक्स्ड स्प्रॉकेट लावायचं आणि चाक फिरवून डिस्कची बाजू चेनकडे आणायची. आता कितीही उलटा जोर द्या, स्प्रॉकेट सुटण्याचा प्रश्नच नाही.

खर्च करण्याआधी मोजा

* हब : माउंटन बाइकचा मागचा हब बहुधा १३५ मिमी रुंद, ट्रॅकचा १२०. फ्रेममध्ये मावतो का ते बघा.
* खाचा : मागचं चाक बसतं त्या खाचा आडव्या हव्यात, नाहीतर चेन ताणता येत नाही.
* रिम : २६ इंची रिम ५५९ मिमीची, रोड बाइकची ६२२. रोड फ्रेममध्ये छोटं चाक टाकलं तर ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचत नाहीत. सायकल खाली बसते आणि वळणावर पेडल घासतं. इथे तर वळतानाही पाय थांबत नाहीत! म्हणून माउंटन बाइकचीच फ्रेम बरी.
* लाइन : पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं.

आणि ब्रेक? 'बिनब्रेकची कूल दिसते' हे विसरा. २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकलच्या धडकेने एका पादचारी महिलेचा जीव गेला. २०१७ मध्ये स्वाराला १८ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा पुढचा ब्रेक मस्ट!

पहिले काही दिवस सोसायटीच्या आवारातच प्रॅक्टिस करा. ऑफिसला निघालात की पँटचा उजवा पाय आठवणीने दुमडा. तो चेनमध्ये अडकला, तर ही सायकल तुमच्यासाठी थांबणार नाही.