बिडकीनचे भूखंड, वाळूजची शेड

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की आधी चितेगाव येते आणि मग बिडकीन. चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना. एके काळी देशभरातल्या दिवाणखान्यांत पोचणारे टीव्ही या कंपनीचे असत. 2018 मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथून थोड्या अंतरावर बिडकीनला ऑरिक या औद्योगिक नगरीचा मोठा टप्पा आखला आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी त्याचे 7,855 एकरांचे क्षेत्र राष्ट्राला अर्पण केले. त्याच्या दोन महिने आधी, 31 जुलैला, टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे 20 हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला होता. जेएसडब्ल्यू ग्रीन मोबिलिटी, एथर एनर्जी, लुब्रिझॉल ही नावेही याच काळात जोडली गेली. मराठवाड्याचे नशीब आता पालटणार, असा सूर तेव्हापासून लागला आहे. तो खोटा आहे असे नाही, पण तो चुकीची गोष्ट मोजतो. या शहराच्या उद्योगाचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर मोठा कारखाना येणे ही घटना जेवढी महत्त्वाची, त्याहून त्याच्या कुंपणाबाहेर पुढच्या दहा वर्षांत कोण उभे राहते हे अधिक महत्त्वाचे ठरलेले दिसते. ती गोष्ट घडली वाळूजला, आणि बिडकीनला जोखायचे तर वाळूजच्याच मापाने.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1 ऑगस्ट 1962 रोजी स्थापन झाले, आणि 1964 पासून मागास भागात जाणाऱ्या उद्योगांसाठी राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई-पुण्याबाहेर जा, विक्रीकरात सवलत घ्या, असा तिचा साधा अर्थ. जालना रस्त्यावर चिकलठाण्याची वसाहत उभी राहिली, औषधनिर्मिती आणि इंजिनिअरिंगचे कारखाने आले. सोबत स्थानिक धाडसही होतेच. भोगले कुटुंबाने 1968 मध्ये सुरू केलेली ‘निर्लेप’ची भांडी याच शहरातली. तरी शहराची चाल बदलली ती बजाजने. पुणे रस्त्यावरच्या वाळूजला 1984 मध्ये पायाभरणी झाली, आणि 1985 च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन. बांधकाम अवघ्या सोळा महिन्यांचे. त्या वेळी इथे रुंद रेल्वेमार्ग नव्हता आणि बंदर साडेतीनशे किलोमीटरवर होते. आज गुंतवणूकदारापुढे ज्या सोयींची जंत्री मांडली जाते त्यातले जवळजवळ काहीही नसताना दुचाकींचा हा कारखाना आला आणि टिकला. सवलतीने त्याला आणले, हे मान्य करावे लागेल. पण सवलतीने आलेला कारखाना सवलत संपल्यावर निघूनही जातो, आणि तशी कुलपे महाराष्ट्रातल्या अनेक वसाहतींत पाहायला मिळतात.

वाळूजला तो का टिकला, याचे उत्तर बजाजच्या फाटकाबाहेर आहे. दुचाकीला लागणारा प्रत्येक भाग कंपनी स्वतः बनवत नाही. कुणी अॅल्युमिनियमचे कास्टिंग देतो, कुणी प्लास्टिकचे मोल्डिंग, कुणी वायरिंगचा हार्नेस, तर कुणी पॉवर प्रेसवर पत्र्याचे भाग मारून देतो. त्या भागांना लागणारे डाय आणि जिग-फिक्स्चर कुणी तिसराच बनवतो. डायला धार लावणारा, भागांना प्लेटिंग करणारा, क्रेट भाड्याने देणारा वेगळाच. या साखळीच्या टोकाला असतो एका शेडमध्ये दोन-चार मशीन टाकून जॉबवर्क करणारा माणूस, आणि तो बऱ्याचदा आधी कुठल्या तरी व्हेंडरकडे टर्नर किंवा सुपरवायझर असतो. एन्ड्युरन्स 1985 मध्ये आणि व्हॅरॉक त्यानंतर काही वर्षांत याच गरजेतून इथे सुरू झाल्या. एन्ड्युरन्सने पुढे इटली आणि जर्मनीत कारखाने घेतले. व्हॅरॉकने 2012 मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा वाहनदिव्यांचा जगभरचा व्यवसाय विकत घेतला, दहा वर्षांनी तो विकलाही. दोन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदल्या गेल्या. वाळूजमध्ये बनलेला भाग आज फक्त बजाजच्या गाडीत बसत नाही, यातच त्या वसाहतीचे बळ आहे.

यावर शहरातलाच जाणकार लगेच म्हणेल की एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक उभारणारे दोघे जुळे बंधू राहुल बजाज यांचे भाचे होते. ज्याला मामाच गिऱ्हाईक मिळतो त्याचे उदाहरण सर्वांना लागू कसे करायचे? आक्षेप वाजवी आहे. पहिली ऑर्डर मिळण्यात नात्याचा वाटा असणारच. पण मोठी कंपनी आपल्या गावातल्या पहिल्या व्हेंडरवर विश्वास टाकते तेव्हा पहिल्या ऑर्डरमागे काही ना काही ओळख असतेच, आणि युरोपातल्या वाहन कंपन्यांकडून मिळालेल्या ऑर्डरी नात्याने मिळत नाहीत. शिवाय मुद्दा त्या दोन घराण्यांपुरता नाही. त्यांच्या खाली जे शेकडो छोटे पुरवठादार तयार झाले, त्यातल्या बहुतेकांचे बजाज घराण्याशी काही नाते नव्हते. त्यांना हाताशी कुशल माणसे मिळाली ती चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूममधून, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि आयटीआयमधून. पुढे महागड्या चाचण्या आणि मोजमापाची यंत्रे सर्वांना मिळून वापरता यावीत म्हणून वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर उभे राहिले. या संस्थांच्या उद्घाटनाची छायाचित्रे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. लक्षात राहते ती 2010 ची बातमी, या शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या ती. गंमत म्हणून ठीक आहे. पण टूलरूममधून बाहेर पडणाऱ्या मुलांची बातमी तेवढी रंगली असती तर शहराला स्वतःच्या श्रीमंतीचे मूळ अधिक नीट कळले असते.

उलट बाजूचे पुरावेही याच शहरात आहेत. जालना रस्त्यावर शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा कारखाना आहे. नाव जागतिक, गाड्या महाग. पण तिथे मुख्यतः बाहेरून आलेले सुटे संच जोडले जात. भागच बाहेरून आले तर पत्रा मारणाऱ्या शेडची गरज उरत नाही. स्कोडाच्या फोक्सवॅगन समूहाचे मोठे उत्पादन पुढे चाकणला उभे राहिले आणि शेंद्र्याभोवती वाळूजसारखी वस्ती दाटली नाही. व्हिडिओकॉनचे दुखणे वेगळे. कंपनी इथल्याच मातीतली, रोजगारही भरपूर देणारी. पण तिच्यावरच विसंबून असलेल्यांना ती बुडाल्यावर दुसरे दार नव्हते. दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. मोठा कारखाना आला म्हणजे रोजगार आलाच, असे होत नाही. त्याला भाग कोण पुरवतो आणि तो पुरवठादार उद्या दुसऱ्यालाही माल विकू शकतो का, या दोन प्रश्नांवर वसाहतीचे आयुष्य ठरते.

आता ऑरिककडे पाहू. सुमारे दहा हजार एकरांची ही नगरी दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग. शेंद्रा आणि बिडकीन असे तिचे दोन तुकडे, आणि मालकी राज्याचे महामंडळ व केंद्राची संस्था यांच्या संयुक्त कंपनीकडे. जुन्या वसाहतीत प्लॉट मिळाल्यावर वीज, पाणी, सांडपाणी यासाठी उद्योजकाने वर्षभर खेटे घालायचे, अशी रीत होती. इथे रस्ते रुंद, वाहिन्या जमिनीखाली, परवानग्या ऑनलाइन. शेंद्र्यातले ‘ऑरिक हॉल’ हे प्रशासकीय भवन सप्टेंबर 2019 मध्ये खुले झाले आणि ह्योसंग ही कोरियन कंपनी इथे स्पॅनडेक्सचा धागा बनवू लागली. समृद्धी महामार्ग या भागाला लागूनच जातो. त्याचे पूर्ण 701 किलोमीटर जून 2025 मध्ये खुले झाले. भूखंड तयार करण्याचे काम उत्तम झाले आहे, हे टीकाकारानेही मोकळेपणाने मान्य करावे.

तरीही जाहीर झालेले आकडे भागून पाहिले तर विचार करावा लागतो. टोयोटाची 20 हजार कोटींची गुंतवणूक आणि सुमारे आठ हजार थेट नोकऱ्या, म्हणजे एका नोकरीमागे अडीच कोटी. जेएसडब्ल्यूचे 27,200 कोटी आणि पाच हजारांच्या आसपास नोकऱ्या, म्हणजे एका नोकरीमागे पाच कोटींहून अधिक. यात कंपन्यांचा दोष काही नाही. आधुनिक वाहन कारखाना रोबोंवर चालतो. पण ज्या शेतकऱ्यांनी एकरी 23 लाखांच्या दराने या नगरीसाठी जमिनी दिल्या, त्यांच्या मुलांना कारखान्याच्या आत मिळणाऱ्या जागा मर्यादित असणार हे आत्ताच स्पष्ट आहे. उरलेला रोजगार बाहेरच्या साखळीत निर्माण व्हायचा, आणि ती साखळी आपोआप उभी राहत नाही. छोट्या व्हेंडरला शंभर एकर नको असतात. त्याला अर्धा एकर, तयार शेड, आणि बँकेकडे गहाण टाकायला फारसे काही नसतानाही मिळणारे कर्ज हवे असते. मोठ्या कारखान्याला शेकडो एकर एका सहीने मिळतात आणि छोट्याला लिलावात दलालाशी चढाओढ करावी लागते, असे बिडकीनला झाले तर वाळूजची पुनरावृत्ती होणार नाही.

मोठ्या उद्योगांच्या बाजूने एक मुद्दा जोरात मांडला जातो: आधी मोठा मासा येऊ द्या, बाकीचे मागून येतील; बजाजच्या वेळी तरी कुणी व्हेंडरची योजना आखली होती? हे अर्धे खरे आहे. बजाज स्वतः देशी पुरवठादार शोधत होती, कारण त्या काळात आयात महाग आणि अवघड होती. परवाना-राजच्या बंधनांनी नकळत व्हेंडर घडवले. आज टोयोटाकडे कर्नाटकातल्या बिडदीचे दोन दशकांहून जुने पुरवठादार आहेत. ते सोबत आले तर कंपनीचे काम सोपे, आणि वाळूजच्या शेडवाल्याला फक्त वाहतुकीचे किंवा कँटीनचे कंत्राट उरेल. म्हणून सवलतींचा करार होतानाच स्थानिक खरेदीचा टप्पा, पुरवठादार विकासाचा कार्यक्रम आणि शिकाऊ उमेदवारांची संख्या यांची बोलणी व्हायला हवीत. सरकारच्या हातात ताकद असते ती सही होईपर्यंतच.

दुसरा आक्षेप तंत्राचा. इथे येऊ घातलेल्या विजेच्या गाडीत इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, सायलेन्सर नाही. मग वाळूजच्या जुन्या कौशल्याचा उपयोग काय? काहींना धंदा बदलावा लागेल यात शंका नाही, आणि इंजिनाचेच भाग बनवणाऱ्याला तर लवकर. पण सस्पेन्शन, ब्रेक, वायरिंग, दिवे, आसने आणि पत्र्याचे सांगाडे विजेच्या गाडीलाही लागतात, आणि बॅटरीच्या डब्यालाही कास्टिंग व वेल्डिंग लागतेच. डाय बनवणाऱ्याला गाडी कशावर चालते याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो नव्या यंत्राचा हप्ता भरण्याइतकी ऑर्डर हातात आहे का, याने.

पाण्याचा प्रश्न मात्र कुठल्याच युक्तिवादाने सुटत नाही. शहर, वाळूज, शेंद्रा आणि बिडकीन ही सगळी तोंडे जायकवाडीच्या एकाच नाथसागराला लागली आहेत. धरण बांधले ते शेतीसाठी, 1976 मध्ये पूर्ण झाले, आणि वर नाशिक-अहिल्यानगरमध्ये पाऊस कमी झाला की त्याचा तळ दिसतो. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या बिअर आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करायला लावली, इतर उद्योगांनाही झळ बसली. शहरातल्या नागरिकाला आजही नळाला पाणी कधी येईल हे दिवस मोजून सांगावे लागते. 2020 मध्ये भूमिपूजन झालेली शहराची 1,680 कोटींची पाणीपुरवठा योजना खर्च वाढून कितीतरी पुढे गेली. उद्योगाला जायकवाडीतले पाणी तुलनेने थोडेच लागते, असे उद्योग संघटना सांगतात, आणि सिंचनाशी तुलना केली तर ते खरेही आहे. पण टंचाईच्या वर्षी माणूस टक्केवारी पाहत नाही, शेजारच्या कारखान्याचा हिरवा लॉन पाहतो. शहराचे सांडपाणी शुद्ध करून वसाहतींना देणे, हा उपाय जुना आणि सर्वांना ठाऊक आहे; तो भूखंडवाटपाच्या आधी व्हायला हवा होता.

कारखाना आणि शेजारी यांच्यातला असा दुरावा केवळ पाण्यापुरता राहत नाही. 9 ऑगस्ट 2018 रोजी मराठा आरक्षणासाठीच्या बंदच्या दिवशी वाळूजमध्ये जमावाने अनेक कारखान्यांची मोडतोड केली. कारणे अनेक सांगितली गेली आणि तोडफोडीचे समर्थन कशानेच होत नाही. पण रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगरच्या खोल्यांत दाटीने राहणारा, वर्षानुवर्षे ठेकेदाराच्या हजेरीपटावर असणारा तरुण कारखान्याला आपला मानत नसेल, तर तेही उद्योगधोरणाचेच अपयश मानावे लागेल. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच लाइनवर उभे राहून वेगवेगळा पगार घेतात, हे वाळूजमध्ये कुणापासून लपलेले नाही.

उरला तो प्रादेशिक समतोलाचा मुद्दा: मराठवाडा म्हणजे एक जिल्हा नव्हे, आणि सगळे उद्योग इथेच आणून बीड, हिंगोली, परभणीला काय मिळते? तक्रार रास्त आहे, पण यावर प्रत्येक तालुक्याला एक वसाहत हे उत्तर होऊ शकत नाही. फलक लावून ओस पडलेले भूखंड राज्यभर आहेत. कास्टिंगवाल्याला प्लेटिंगवाला जवळ लागतो, त्याला टूलरूम जवळ लागते, म्हणून उद्योग दाटीनेच वाढतात. बीडच्या मुलाला कारखाना घराजवळ देता आला नाही, तरी आयटीआयमधली चालू स्थितीतली सीएनसी मशीन घराजवळ देता येते, आणि शिकून बिडकीनला आल्यावर महिन्याच्या पगारात परवडेल असे वसतिगृहही. ऑरिकच्या आराखड्यात निवासी आणि व्यापारी वापरासाठी जवळपास 40 टक्के जमीन राखलेली आहे. तिच्यावर टॉवर आधी उठतात की कामगारांची घरे, हे येत्या तीन-चार वर्षांत पैठण रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल.